मस्तगडातलं जहाज

मस्तगड, जुना जालना
रविवार, दुपारचे अडीच

धावड्याचे आमचे मेहुणे चि. मिथुनराव यांस दाजी तातेराव यांचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, गेल्या सात महिन्यांत मी स्वतःच्या दोन हातांनी पुढील वस्तू बनवल्या. ग्लासात धूर सोडायचं यंत्र एक (माशांच्या काचपेटीचा पंप, कुकरची जुनी शिट्टी आणि दीड फूट पितळी नळी). बर्फाचा स्टेनलेसचा साचा एक, आतून बराबर अठ्ठेचाळीस मिलिमीटर, सगळ्या बाजूंनी. पीळ दिलेला लांब दांड्याचा चमचा एक, सहा मिलिमीटरच्या सळईचा. मोसंबीची साल, काडेचिराईत आणि लवंग एकवीस दिवस भिजवून काढलेला कडू अर्क, पाऊण बाटली. गुळाचा पाक, गाळलेला, एक बाटली. आणि जहाज एक.

जहाजाचं पुढं सविस्तर लिहितो. पत्रात आधी खुशाली विचारायची असते हे मला ठाऊक आहे, पण यादी डोक्यात तयार होती, ती उतरवून घेतली. तर आम्ही इकडं खुशाल आहोत (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण लिहायची पद्धत आहे). तुमच्या मातोश्री, माझ्या सासूबाई केशरबाई, यांचा गुडघा कसा आहे ते कळवा. मका निघाला असेल. तुमची आक्का, म्हणजे आमची बेबीनंदा, तिकडं येऊन आज सात दिवस झाले. तिचं जेवणखाण, झोप आणि एकंदर मन कसं आहे तेही कळवा, पण मी विचारलं असं सांगू नका. घाई न्हाई. मी दिवस मोजून राह्यलो अशातला भाग न्हाई. वर्कशॉपचं कॅलेंडर लेथ मशीनच्या बराबर समोर आहे, नजर जाते. फोन का केला न्हाई म्हणाल, तर आक्का फोन उचलत न्हाई, आणि तुम्ही उचलता तेव्हा 'हो दाजी, हो दाजी' म्हणत घराबाहेर जाता आणि रेंज जाते. पत्र कसं, जिथं ठेवलं तिथं राहतं. भोकरदनच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो, सोबत मोसंबीची पिशवी आहे. वरची आठ सासूबाईंसाठी, खालची सगळ्यांसाठी.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या सुमेधानं (पोरगी कमावती झाली की आईबापाचं ऐकत न्हाई) आम्हा दोघांना मुंबईहून गोव्याकडं जाणाऱ्या क्रूझवर बसवून दिल्तं. तीन रात्री, चार दिवस. तुमच्या आक्कानं पाण्यात पाय बुडवायला बकेटीशिवाय काही पाहिलेलं न्हाई, आणि मीही मोती तलावाच्या पुढं गेलेलो न्हाई, पण माणूस यंत्राचा असला की त्याला कुठंही करमतं. मी खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि शंभर पानी वही घेऊन चढलो. जहाजाच्या जिन्याला पायऱ्या किती, दोन पायऱ्यांत अंतर किती, रेलिंगचं वेल्डिंग कुठं घासायचं राहून गेलंय, सगळं वहीत आहे, कधी आलात की दाखवतो.

पहिल्याच संध्याकाळी नवव्या मजल्यावरच्या बारवर गेलो. पाचव्या शीलाच्या (दारूला न शिवण्याच्या) बाबतीत तुमचं घर आणि आमचं घर यात फरक आहे हे मी मान्य करतो. पहिली चार शीलं मी मायक्रोमीटर लावून पाळतो. पाचव्यात आठवड्याला एकदा साठ मिलिलिटरची सवलत मी स्वतःलाच दिलेली आहे. असो. बारवर मंगळूरकडचे एक गृहस्थ उभे होते, माझ्याच वयाचे, केसांना मेंदी. मी म्हणालो, तुमच्या हातचं जे सगळ्यात चांगलं होतं ते द्या. त्यांनी लगेच काम सुरू केलं, आणि मिथुनराव, काम करणारा माणूस मला दुरून ओळखू येतो. ग्लासात साखरेचा तपकिरी पाक, त्यावर कडू अर्काचे तीन थेंब, मंग बरबन नावाची अमेरिकेची व्हिस्की. (ही मक्याची असते. ज्या मक्याची पोती तुम्ही दरवर्षी पडत्या भावात देऊन येता, त्याच मक्याची.) मंग काचेसारखा स्वच्छ बर्फाचा एकच ठोकळा; मी पट्टी लावून पाहिली, अठ्ठेचाळीस मिलिमीटर. लांब चमच्यानं तीस वेढे, संत्र्याच्या सालीचा एक फवारा आणि वरून लाकडाचा धूर कोंडून झाकण. त्या पेयाचं नाव जुन्या वळणाचं अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजी होतं. माणूसही जुन्या वळणाचा होता, त्यानं मला पट्टी लावू दिली.

चव सांगतो. आधी गोड, मंग कडू, मंग मोसंबीच्या बागेत फिरल्यासारखा वास, मंग धूर. आणि या चारींच्या मागून, घशाच्या अगदी खाली, एक पाचवी ऊब. थंडीत चुलीकडं पाठ करून बसल्यावर लागते तशी. ती ऊब पाच-सात मिनिटं जात न्हाई. तीन संध्याकाळी मी तीन ग्लास घेतले, रोज एक, आणि तिन्हीत ती ऊब बराबर होती. तुमची आक्का शेजारी लिंबूपाणी घेऊन बसायची. (बोट हलायला लागली की माझ्या पोटात ढवळायचं. मंग ती आपली डबी उघडून सासूबाईंच्या हातची ती सुंठेची गोळी माझ्या हातावर ठेवायची, तुमच्या घरच्या बायका एसटीत बसताना गालात धरतात तीच. ते वहीत 'प्रकृती' या पानावर वेळेसकट नोंदलेलं आहे. इथं तो विषय न्हाई.) उतरताना मी त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन सांगितलं की हे मी जालन्यात बनवणार. ते हसले. माझ्यावर कोणी हसलं तर मला चालतं, कामावर हसलेलं चालत न्हाई.

तुम्हाला ठाऊक आहे, मी आठवी नापास माणूस. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेली वस्तू मी बनवली न्हाई असं आजवर झालेलं न्हाई. बियाणं साफ करायची मशीन मी इंदूरला एका प्रदर्शनात वीस मिनिटं पाहिली होती. आज माझ्या हातच्या सत्तावीस मशिनी जिल्ह्यात बियाणं चाळून राह्यल्या. मंग एक ग्लास काय घेऊन बसलात. मक्याची व्हिस्की संभाजीनगरहून रीतसर परवान्यावर आणली. साखरेऐवजी गूळ, कारण ज्याला गूळ मिळतो त्यानं साखर का घालावी. संत्र्याऐवजी आपली मोसंबी, हे सांगायलाच नको. लाकडासाठी मात्र मला हिंडावं लागलं. बाभळीचा धूर डोळ्यांत जातो, चवीत न्हाई. आंब्याचा बरा होता पण लग्नघराचा वास येत होता. कडुनिंबाचा एकदा करून पाहिला. तो ग्लास मी पूर्ण संपवला, कारण टाकून देणं माझ्या स्वभावात न्हाई, आणि नंतर दोन दिवस मला चहासुद्धा कडू लागला. शेवटी बाग छाटलेल्या मोसंबीच्याच वाळक्या फांद्या लागू पडल्या. पहिल्या दिवशी यंत्राचा दाब जादा झाला आणि धूर ग्लासाऐवजी गल्लीत गेला. शेजारचे लालमियाँ (फर्निचरचं काम करतात, पाच वेळचे नमाजी, चहाशिवाय कशाला शिवत न्हाईत, पण माझ्या प्रत्येक कामाला हजर) पाण्याची घागर घेऊन धावत आले आणि अर्धी घागर बरबनवर गेली.

बर्फाला तीन महिने लागले. आपला बर्फ मध्ये पांढरा येतो, दूध सांडल्यासारखा. पाणी दोनदा उकळून, थर्माकोलच्या पेटीत, वरूनच गारठेल असं ठेवलं की तो काच होतो, हे मी स्वतः शोधलं (नंतर सुमेधा म्हणाली, पपा, हे इंटरनेटवर आहे, असेल, मी तिथं पाहिलं न्हाई). त्या पेटीनं फ्रीझर पूर्ण अडवला. तुमच्या आक्काचे वाटाणे, लिंबाचा रस आणि आल्याची पाकिटं तीन महिने लालमियाँच्या घरी होती. भाजी करायची म्हटलं की ती भिंतीवरून हाक मारायची आणि वाटाणे भिंतीवरून यायचे. ती काही बोलली न्हाई. हे आता लिहिताना लक्षात येऊन राह्यलं, की ती काही बोलली न्हाई.

सगळं जमलं, मिथुनराव. गोड, कडू, मोसंबी, धूर, चारी चवी पट्टीवर बराबर. पाचवी ऊब आली न्हाई. बरबन वाढवली, कमी केली. दुसऱ्या कंपनीची आणली. समुद्राची हवा असेल म्हणून चिमूटभर मीठ टाकलं. न्हाई. शंभरातले पंच्याण्णव आले आणि पाच बाहेर उभे. कामात पाच कमी म्हणजे माझ्या लेखी शून्य. मंग मी खाली बसून विचार केला, की त्या नवव्या मजल्यावर असं काय होतं जे मस्तगडात न्हाई. आणि उत्तर मला एका मिनिटात मिळालं. तिथं जमीन हलत होती.

अंगणात बियाण्याच्या जुन्या मशिनीचा सांगाडा पडलेला होता. त्याची चाळणी काढून तिथं आठ बाय सहाची प्लेट बसवली, प्लेटवर एक टेबल आणि चार खुर्च्या नटबोल्टनं आवळल्या, कडेनं रेलिंग आणि चढायला पायऱ्या केल्या (पायऱ्यांचं अंतर वहीतलं, जहाजाचंच). अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तीच ठेवली, ही माझी पहिली चूक. चाळणीला मिनिटाला पावणेतीनशे झटके लागतात. लालमियाँ चहाचा कप घेऊन बसले आणि मी बटण दाबलं. चहा कपात राहिला न्हाई, लालमियाँ खुर्चीत राहिले न्हाईत. रेलिंगला धरून उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "मियाँ, ये जहाज है कि छन्नी? मैं तो अंदर से गेहूं हो गया." मंग मी गिअरबॉक्स लावला. मिनिटाला नऊ हेलकावे, चार अंशांचा कल. चालू केलं आणि बसलो. पाच मिनिटांत माझ्या पोटात बराबर बोटीसारखं ढवळायला लागलं, आणि काय सांगू, मळमळीचा एवढा आनंद मला जन्मात झाला न्हवता.

तुमची आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाहत होती. आत गेली, डबी घेऊन आली आणि हलत्या जहाजावर हात लांब करून गोळी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "जमिनीवर बसून बोट लागलेले तुम्ही पयलेच." मी गोळी गालात ठेवली आणि ग्लास उचलला. पहिल्या घोटाला पाचवी ऊब आली. तीच, घशाच्या खाली, चुलीकडं पाठ केल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (धुराचं असू शकतं). मी वहीत लिहिलं: 'हेलकावा हाच पाचवा घटक. शोध: तातेराव.' आणि खाली रेघ ओढली.

मंग ही गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ न्हवता. राधेश्यामजी म्हणून एक आहेत, हायवेला त्यांचं हॉटेल आहे, परमिट रूमसकट. त्यांच्या स्वयंपाकघराची चिमणी मीच केलेली. त्यांना शनिवारी संध्याकाळी बोलावलं. ते आले, सोबत त्यांचे व्याही. तिसरा मी, चौथ्या खुर्चीवर लालमियाँ चहा घेऊन. गल्लीतले पंधरा-वीस लोक कुंपणाला उभे. जहाज सुरू झालं, सगळ्यांचे चेहरे उतरले, तुमच्या आक्कानं सगळ्यांच्या हातावर एकेक गोळी ठेवली. राधेश्यामजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास संपेपर्यंत उघडले न्हाईत. मंग म्हणाले, तातेराव, हे जहाज, ही यंत्रं आणि बनवायची रीत, सगळं मिळून पंच्याहत्तर हजार देतो. माझ्या गच्चीवर बसवायचं आणि दुसऱ्या कोणाला द्यायचं न्हाई. आणि विचारलं, यात कोणाकोणाचा हात आहे. मी उभा राहिलो (जहाज चालूच होतं, एका हातानं रेलिंग धरलं) आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "हे सगळं या दोन हातांचं. दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा लागलेलं न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला. लहानसाच आवाज होता, मी तेव्हा मनावर घेतला न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची आक्का म्हणाली, आई बोलावून राह्यली, आणि पहिल्या गाडीनं निघाली. दोन साड्या आणि ती डबी, एवढंच नेलं. मी तिला स्टॅन्डवर सोडलं, खिडकीची जागाही धरून दिली. मला वाटलं, माहेरपण आहे.

चार दिवसांनी राधेश्यामजी पुन्हा आले, रक्कम द्यायच्या आधी एकदा पक्कं करून घ्यावं म्हणून, हॉटेलातले दोन जाणते लोक आणि पुन्हा व्याही घेऊन. तेच जहाज, तेच नऊ हेलकावे, तीच बाटली, तोच बर्फ. व्याही तिसऱ्या मिनिटाला उठले आणि कढीपत्त्याच्या झाडापर्यंत जेमतेम पोचले. राधेश्यामजींनी अर्धा ग्लास घेऊन खाली ठेवला आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "तातेराव, आज नुसती दारू लागली." आयुष्यात माझ्या कामाला असं कोणी बोललेलं न्हाई. लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी बुधवारपर्यंत मुदत दिली आणि व्याह्यांना धरून घेऊन गेले.

मी दोन दिवस जहाज उघडून बसलो. गिअरबॉक्सचं तेल बदललं, कल चाराचा साडेचार केला, नऊचे दहा हेलकावे करून पाहिले. लालमियाँ बाजूला बसून पाहून राह्यले होते. शेवटी ते म्हणाले, "उस रोज मेरी चाय में भी वोईच मजा था, तातेराव. मेरी चाय में कौनसी अमरीका की मकई थी?" मी पाना खाली ठेवला. आत जाऊन वही काढली आणि दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. 'पेय' या पानावर: पहिला दिवस, सात वाजून पंधरा. 'प्रकृती' या पानावर: पहिला दिवस, सात वाजून दहा, गोळी एक. दुसरा दिवस, गोळी सात पाच, पेय सात दहा. तिसरा दिवस तसंच. एवढी बारीक नोंद जगात कोणी ठेवली नसेल, आणि ठेवणाऱ्यानंच दोन पानं कधी जोडून पाहिली न्हाईत. औषधाची चव कोण मोजतं, मिथुनराव? औषध गिळायचं असतं. तर पाचवा घटक हेलकावा न्हाई, गोळी आहे. हा शोधही मीच लावला (लालमियाँनी फक्त तोंड उघडलं).

तर असं आहे. माझी तब्येत उत्तम आहे. दोन वेळचं जेवण मी स्वतः करून राह्यलो आणि ते कोणाला खाऊ घालावं लागत न्हाई ही त्यातली चांगली बाजू. सासूबाईंना वंदन, पोराबाळांना आशीर्वाद. गुडघ्याचं जरूर कळवा.

तुमचा दाजी,
तातेराव

ता. क. पत्राचं खरं काम लिहायचं राहिलं. सासूबाईंना त्या गोळीचं माप विचारा. सुंठ किती, ओवा किती, गूळ किती, काळं मीठ किती, ग्रॅममध्ये. चिमूट आणि मूठ चालणार न्हाई. कशासाठी म्हणून विचारलं तर दाजींना खोकला झाला सांगा. पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या पुढं बसून शील घेणारी ती माऊली, तिची गोळी परमिट रूममध्ये जाणार हे तिला कळता कामा नये. आक्कालाही सांगू नका. माप बुधवारच्या आधी माझ्या हातात पडलं तर तुमच्या बोअरची जळालेली मोटर मी फुकट बांधून देईन, तांब्याच्या तारेसकट.

ता. क. दोन. सोमवार सकाळ. काल लिफाफा चिकटवायचा राहिला, कारण डिंक सापडला न्हाई. आणि डिंकच कशाला, काही सापडलं न्हाई. मापाची वाट कशाला पाहायची, गोळी आपणच करू, असं म्हणून काल चार वाजता स्वयंपाकघरात गेलो. वर्कशॉपमधला तेरा नंबरचा पाना मी डोळे झाकून काढतो. स्वयंपाकघरात सुंठ कोणत्या डब्यात असते हे मला संसाराच्या सव्वीसाव्या वर्षी ठाऊक न्हाई. एकोणीस डबे उघडले. सुंठ समजून हळकुंड कुटलं. संध्याकाळपर्यंत नऊ घाणे केले. सहा पिवळे झाले, दोन पळीला चिकटले ते निघालेच न्हाईत, आणि नववा लालमियाँना दिला तर ते म्हणाले ही वॉशर चांगली आहे. डबे उघडता उघडता मला आणखी काही वस्तू दिसल्या, म्हणून वरच्या यादीत दुरुस्ती करतो, कारण चुकीची नोंद मी ठेवत न्हाई. मोसंबीची साल गच्चीवर तिनं वाळवली. पाऊस आला की ती खाली आणायची, मी धूर सोडत असायचो. अर्काचे एकवीस दिवस मी मोजले, बाटली रोज हलवली तिनं. गुळाच्या पाकाची तार तिनं पाहिली, मी फक्त गाळला, आणि गाळणं तिचं होतं. बर्फाचं पाणी दोनदा उकळायचं, ते कोण उकळत होतं हे मी वहीत लिहिलेलं न्हाई, पण मी न्हवतो. चमचा, साचा, धुराचं यंत्र आणि जहाज मात्र माझंच आहे. (जहाज कलतं तेव्हा आवाज होऊ नये म्हणून त्याच्याखाली लावलेलं फडकं तिच्या जुन्या साडीचं आहे. तेही लिहून ठेवा.)

ता. क. तीन. सोमवार, संध्याकाळचे सहा. पहिल्या ता. क. मधलं काम रद्द. सासूबाईंना काही विचारू नका. मोटर मी तशीच बांधून देईन, बोललो ते बोललो. राधेश्यामजी आज मुदतीच्या आधीच आले. कोणाकडून तरी त्यांना कळलंय की गोम गोळीत आहे (गल्लीत लालमियाँचं तोंड एकदा उघडलं की झाकण लागत न्हाई). म्हणाले, जहाज तुमच्याजवळच राहू द्या, गिऱ्हाईक ओकेल. मला ती गोळी पाहिजे, रीत लिहून आणि पुन्हा कोणी करायची न्हाई या करारावर. आकडा त्यांनी वाढवला. मी लेथ बंद केला, हात पुसले आणि त्यांना सांगितलं, की ही गोळी धावड्याच्या केशरबाईंची, त्यांच्याकडून बेबीनंदाकडं आलेली. मी फक्त ती गालात धरली. माझी नसलेली वस्तू मी विकत न्हाई. आणि त्या शनिवारी गल्लीसमोर जे बोललो ते चूक होतं, ते येत्या शनिवारी त्याच रेलिंगला धरून, त्याच लोकांसमोर परत घेणार आहे, तुम्हीही या. तुमच्या आक्कानं त्या वेळी दारात उभं राहावं एवढीच विनंती आहे. बुधवारी पहिल्या गाडीनं मी धावड्याला येऊन राह्यलो. ती यायला तयार असेल तर दोन तिकिटं काढीन, नसेल तर मीही तिथं राहीन, तुमची मोटर आहेच.

ही शेवटची ता. क. मात्र मनात वाचू नका. आक्का चुलीजवळ असेल तेव्हा ओसरीत बसून मोठ्यानं वाचा, आणि आकड्याशी थांबून तो दोनदा वाचा. राधेश्यामजी म्हणाले रोख देतो, आत्ता देतो, आणि पिशवी टेबलावर ठेवली. मी न्हाई म्हणालो. एक लाख एकवीस हजार रुपये.